अवधान

आयुष्याची बत्तीस वर्षे वर्गात उभे राहून मी मुलांना 'इकडे लक्ष द्या' असे बजावत आलो, आणि निवृत्त होऊन हरसूलच्या घरी ओटीवर बसू लागल्यावर, एका संध्याकाळी दुसऱ्याची गोष्ट ऐकता ऐकता मला उमगले, की इतकी वर्षे मी जे मागत होतो त्याचे नाव लक्ष नव्हे. लक्ष या शब्दाच्या पोटात लक्ष्य आहे, नेम आहे, बाण आहे. द्रोणाचार्यांच्या परीक्षेत अर्जुनाला झाड दिसत नाही, फांदी दिसत नाही, पाखराचा डोळा तेवढा दिसतो, आणि त्या एकाग्रतेचा शेवट पाखरू खाली पडण्यात होतो. धनुर्विद्येच्या प्रांतात ते थोरच. पण ज्याला पाखरू पाडायचे नाही, ते कोणत्या झाडावर येऊन बसले, कोणत्या ऋतूत आले आणि आता कुठल्या सुरात बोलते आहे हे ज्याला जाणायचे आहे, त्याला झाडही दिसावे लागते, फांदीही आणि तिच्यामागचे आभाळही. त्या पाहण्याला, त्या ऐकण्याला आपल्या भाषेने शतकानुशतके एक शब्द जपून ठेवला आहे, तो म्हणजे अवधान. सुहृदहो, आज या एकाच शब्दापाशी आपण थोडा वेळ बसू या.

अवधान या शब्दात 'धा' हा धातू आहे, त्याचा अर्थ ठेवणे. आणि 'अव' हा उपसर्ग आहे, त्याचा अर्थ खाली. खाली ठेवणे, एवढाच त्या शब्दाचा मूळ पिंड. पण खाली काय ठेवायचे, हे शब्द सांगत नाही, आणि न सांगितलेले शोधण्यातच निरूपणाचा आनंद असतो. बाजाराच्या दिवशी पाड्यावरून चालत आलेली बाई ओट्यापाशी पोचते तेव्हा आधी डोक्यावरचा भारा उतरवते, चुंबळ सोडते, मान सैल करते, आणि मगच 'काय म्हणता गुरुजी' असे विचारते. भारा डोक्यावर असेपर्यंत ती उभी असते, पण आलेली नसते. ऐकणाऱ्याचेही असेच आहे. त्याच्या डोक्यावर स्वतःच्या मतांचा भारा असतो, वाचलेल्या पुस्तकांचा असतो, 'मी असतो तर असे लिहिले असते' याचा तर सर्वांत जड. तो उतरवून ठेवल्याशिवाय माणूस दुसऱ्याच्या गोष्टीपाशी आलेलाच नसतो. त्या उतरवण्याला अवधान म्हणतात.

आमचे हरसूल त्र्यंबकेश्वर तालुक्यातले. ब्रह्मगिरीवर उगम पावलेली गोदावरी पूर्वेला वळून बंगालच्या उपसागराची वाट धरते, आणि आमच्या अंगाला पडलेला पाऊस पश्चिमेला उतरत दमणगंगेतून अरबी समुद्राला मिळतो. एकाच डोंगररांगेच्या दोन अंगांना पडलेल्या दोन थेंबांची गाठ मग पुन्हा कुठे पडावी! त्याच ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी निवृत्तिनाथांची समाधी आहे, आणि पौष वद्य एकादशीला तिथे दिंड्या येतात. निवृत्तिनाथ ज्ञानदेवांचे थोरले बंधू आणि गुरू, हे सर्वांना ठाऊक आहे. पण ते ज्ञानेश्वरीचे पहिले श्रोतेही होते, या गोष्टीकडे आपण पुरेसे वळून पाहत नाही. शके १२१२ मध्ये नेवाशाला ते निरूपण चालू असताना सच्चिदानंदबाबा लिहून घेत होते, संतसज्जन समोर बसले होते, आणि मधूनमधून ते श्रोते ग्रंथातच बोलू लागतात. गुरुस्तवनाचा पूर वाढला की निवृत्तिनाथ तो आवरून मूळ अर्थाकडे यायला सांगतात, आणि ज्ञानदेव ती सूचना लपवत नाहीत, ओवीत गुंफून ठेवतात. नवव्या अध्यायाच्या आरंभी तर ते श्रोत्यांकडे दुसरे काही न मागता अवधानच मागतात. एवढ्या समर्थ वाणीलाही ते मागावेसे वाटले, यावरून आपण समजावे, की अवधान ही वक्त्याला मिळालेली दक्षिणा नसून त्याच्या बोलण्याची भूमी आहे. ती नसेल तर बी कितीही उत्तम असले तरी पडणार कशात?

आता ज्या निमित्ताने हा शब्द माझ्या हाती नव्याने आला, ते सांगतो. आमच्या ओटीवर महिन्यातून एका रविवारी पाचसात माणसे जमतात. आश्रमशाळेतले एक तरुण शिक्षक आहेत, अंगणवाडीतल्या एक ताई आहेत, कॉलेजात शिकणारा एक मुलगा आहे, किराणा दुकान मुलाच्या हाती सोपवून मोकळे झालेले एक काका आहेत, आणि शेजारच्या एक मावशी आहेत, ज्या स्वतः काही लिहीत नाहीत, पण पहिल्या दिवसापासून येऊन बसतात. या मंडळाला नाव नाही. 'रविवारी बसायचं ना?' एवढेच आम्ही एकमेकांना विचारतो. जमलेल्यांपैकी कोणीतरी स्वतः लिहिलेली गोष्ट वाचतो आणि बाकीचे त्या गोष्टीविषयी बोलतात. गोष्टी मात्र एका जातीच्या: जे नाही त्याच्या. कोणी दीडशे वर्षांनंतरचे हरसूल लिहितो, कोणी दोन चंद्र असलेल्या मुलखातली लावणी लिहितो, कोणी बोलणाऱ्या विहिरीची कथा आणतो. तिला विज्ञानकथा म्हणा, भविष्यकथा म्हणा, अद्भुतकथा म्हणा. जे घडलेले नाही ते घडले असे मानून पुढे प्रामाणिकपणे चालत जाणे हा तिचा धर्म. आणि अशा कथेला अवधान दुप्पट लागते, कारण शेजारच्या गल्लीतली गोष्ट लिहिणाऱ्याचे राहून गेलेले वाचक आपल्या अनुभवाने भरून काढतो, पण जे जगच अजून झालेले नाही त्यात राहिलेली फट कोणाच्या अनुभवाने भरणार? तिथे सूर्य कोणत्या बाजूला उगवतो हेही लेखकालाच सांगावे लागते, आणि एकदा सांगितले की मग पाळावे लागते.

त्या तरुण शिक्षकांनी मागच्या उन्हाळ्यात वाचलेली गोष्ट अशी होती. सन २१७०. डोंगर उघडे पडलेले, ऐन नाही, साग नाही, करवंदाची जाळीसुद्धा नाही. माणसे केव्हाच समुद्रावरच्या तरंगत्या शहरांत राहायला गेलेली. तिथल्या बियाण्यांच्या कोठीतून मूठभर नागली कमरेला खोचून एक बाई आपल्या नातवाला घेऊन आजीच्या गावी, म्हणजे इथे, परत येते. प्रवासाचे यान, हवा मोजणारी यंत्रे, तरंगत्या शहरातले पाण्याचे वाटप, हे सारे शिक्षकांनी फार मन लावून लिहिले होते. त्यासाठी पुस्तके वाचली होती, हिशेब मांडले होते. मग एक वाक्य आले: रोहिणी निघण्याआधी तिने राब भाजला. वाचन पुढे सरकले, नागली उगवली, नातवाने पहिली भाकरी खाल्ली, गोष्ट संपली. आम्ही सारे यानाविषयी बोललो, पाण्याच्या हिशेबाविषयी बोललो. मावशी गुडघे जवळ घेऊन गप्प होत्या. शेवटी त्यांनी विचारले, "मास्तर, झाडंच नाहीत म्हणता, तर तिनं राब कशाचा भाजला?"

ज्यांनी राब पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. पावसाआधी रोपासाठी राखलेल्या तुकड्यावर शेण पसरतात, त्यावर झाडांची टहाळी, पालापाचोळा, वाळलेले गवत अंथरतात, वर बारीक मातीचा थर देतात आणि ते सारे भाजतात. तणाचे बी जळून जाते, राखेचे खत होते, आणि पहिल्या पावसावर त्या भाजलेल्या मातीत भाताचे किंवा नागलीचे बी टाकतात. राबाला झाड लागते. शिक्षक स्वतः राब भाजणाऱ्या घरात वाढलेले. यंत्रांच्या बाबतीत ते दक्ष होते, कारण यंत्रे त्यांना परकी होती, आणि राबाच्या बाबतीत ते चुकले, कारण राब इतका त्यांच्या अंगचा होता, की तो लिहिताना त्यांनी त्याच्याकडे पाहिलेच नाही. सरकारी पत्रात आपण लिहितो, 'अनवधानाने झालेल्या चुकीबद्दल क्षमस्व'. त्या गुळगुळीत वाक्यातला तो शब्द त्या संध्याकाळी मला प्रथमच जिवंत दिसला. अनवधान म्हणजे अज्ञान नव्हे. अनवधान बहुधा तिथेच होते जिथे आपले ज्ञान जुने आणि सवयीचे असते. म्हणूनच स्वतःच्या लेखनाला स्वतःचे अवधान कधी पुरे पडत नाही, दुसऱ्याच्या कानातून ते उसने घ्यावे लागते; आणि असे उसने घेण्यात कमीपणा नाही, कारण नेवाशाच्या त्या मंडपातही ते मागूनच घेतलेले होते.

पण मावशींच्या त्या प्रश्नात मला आणखी एक पदर दिसला, आणि तो उलगडायला मला बरेच दिवस लागले. आम्ही बाकीचे गोष्टीची तपासणी करत होतो. मावशी गोष्टीत राहत होत्या. मास्तर म्हणाले डोंगर उघडे आहेत, तर त्यांच्यासाठी डोंगर खरोखरच उघडे झाले होते. ती बाई मूठभर नागली घेऊन आली, तर मावशी तिच्याबरोबर शेताच्या तुकड्यापाशी गेल्या, वाकल्या, इकडेतिकडे पाहिले, आणि भाजायला एक काटकीही त्यांच्या हाताला लागली नाही. त्यांना शंका आली, कारण त्यांनी आधी विश्वास ठेवला होता. ज्याने गोष्ट खोटीच मानली आहे त्याला तिच्यात राब कशाचा भाजला याची काय पर्वा? आपण श्रद्धा आणि शंका यांना सासूसुनांसारखे समोरासमोर उभे करतो. पण श्रद्धा या शब्दातही तोच 'धा' धातू आहे, श्रद्धेतही काहीतरी ठेवलेलेच असते, आणि जुने लोक सांगत आले की तिथे हृदय ठेवलेले असते. हृदय ठेवलेल्या जागी जो प्रश्न उगवतो त्याचे बीज श्रद्धेचेच असते. गीतेतला अर्जुन अठरा अध्याय विचारत राहतो, आणि त्याच्या विचारण्यामुळे कोणी त्याला अश्रद्ध म्हटले नाही. अवधान म्हणजे श्रद्धेने बसणे आणि म्हणूनच विचारणे.

याच्या उलट काय असते तेही मला माहीत आहे, कारण ते मी केले आहे. त्याआधीच्या वर्षी आमच्याकडे एक मुलगी येत असे, बारावीत शिकणारी. तिने एक गोष्ट वाचली: पावसाला विसर पडतो. तो दरवर्षी यायचा ते गाव त्याला आठवत नाही, आणि गावातली एक म्हातारी त्याला शोधायला डोंगरावर जाते. तिचे दुसरे पान संपता संपता मी बोललो. पाण्याची वाफ कशी होते, ढग कसे बनतात, वारे कुठून वाहतात, सह्याद्रीला अडून पाऊस कसा पडतो, हे सारे मी तिला समजावले, आणि पावसाला स्मृती असण्याचे काही कारण संभवत नाही असा निष्कर्षही दिला. माझे एकही वाक्य चुकीचे नव्हते. तिने शांतपणे ऐकले, वही मिटली, आणि पुढचा सगळा पावसाळा ती येऊन बसत राहिली, पण वाचायला तिने वही उघडली नाही. मावशींचा प्रश्न गोष्टीच्या आतून आला होता, माझा बाहेरून. त्यांनी गोष्टीला तिचाच नियम आठवून दिला, मी तिच्यावर माझा नियम लादला. माझे पाठ्यपुस्तक तिच्या आणि माझ्यामध्ये उभे होते, आणि मध्ये उभे राहणाऱ्यालाही आपल्या भाषेत शब्द आहे: व्यवधान. तोच 'धा', तोच 'अव', आधी फक्त एक 'वि' येऊन चिकटला, आणि जे खाली ठेवायचे होते ते आडवे ठेवले गेले. ज्ञान डोक्यावरून उतरवून बाजूला ठेवले तर बसायला पाट होतो, आणि दोघांच्या मध्ये ठेवले तर भिंत होते. माझे अवधान त्या दिवशी एका अक्षराने चुकले.

हे व्यवधान ज्ञानाचेच असते असे नाही. पुष्कळदा ते नावाचे असते. कोणी लिहिले हे आधी कळले, की आपण गोष्ट ऐकत नाही, माणूस ऐकतो. शिक्षकाची असेल तर आदराने, मुलाची असेल तर कौतुकाने, आणि आदर व कौतुक ही दोन्ही अवधानाची फार गोड विघ्ने आहेत. मराठी विज्ञानकथेच्या इतिहासात याचा एक सुंदर दाखला आहे. मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेसाठी १९७४ साली 'कृष्णविवर' नावाची एक कथा आली. लेखकाचे नाव नारायण विनायक जगताप. परीक्षकांनी तिला पहिले पारितोषिक दिले, आणि मग उघड झाले की हे जगताप म्हणजे जयंत विष्णू नारळीकर, जगभर कीर्ती झालेले खगोलशास्त्रज्ञ. त्यांनी आपल्या नावाची आद्याक्षरे उलटी करून ते नाव घडवले होते, आणि हस्ताक्षरावरून कोणी ओळखू नये म्हणून कथेची प्रत पत्नी मंगलाताईंच्या हातची पाठवली होती. एवढा खटाटोप कशासाठी? लौकिक त्यांना कमवायचा नव्हता. कमावलेला लौकिक क्षणभर उतरवून ठेवायचा होता, म्हणजे कथेला तिच्या स्वतःच्या बळावर उभे राहता येते की नाही हे कळेल. श्रोत्याने अवधान द्यावे हे तर खरेच. पण त्या अवधानाच्या आड आपले नाव येऊ नये याची काळजी लेखकाने घ्यावी, ही केवढी नम्रता!

त्यांच्या कथालेखनाचा आरंभही मोठा गमतीचा आहे. अहमदाबादेतल्या एका परिषदेत कोणाचे तरी रटाळ भाषण चालू असताना तिथल्याच कागदांवर त्यांनी कथा लिहायला घेतली, असे त्यांनी सांगितले आहे. म्हणजे एका ठिकाणचे अनवधान हे दुसऱ्या ठिकाणचे अवधान ठरले. पुढे, २०२१ च्या डिसेंबरात, आमच्या नाशकातच भरलेल्या चौऱ्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, आणि प्रकृतीमुळे प्रत्यक्ष येऊ शकले नाहीत. अध्यक्ष समोर नसतानाही त्यांच्या विचारांना सभेने अवधान दिले. ज्याने कधीकाळी नाव बाजूला ठेवून कथा पुढे केली होती, त्याच्या बाबतीत असे व्हावे यात मला एक संगती दिसते. २०२५ च्या मे महिन्यात ते गेले. कथा आहेत.

नाव उतरवणे आणि दुसरे नाव चढवणे हे आमच्या भागाला नवे नाही. चैत्र-वैशाखात या पट्ट्यातल्या गावांतून बोहाडा होतो. संबळाच्या तालावर, टेंभ्यांच्या उजेडात, गणपती येतो, शारदा येते, मग एकामागून एक देवदानवांची सोंगे रात्रभर नाचत येतात. मुखवटा परिधान केला की आत कोण आहे हे सर्वांना ठाऊक असूनही कोणी ते बोलत नाही. दिवसा ज्याच्याशी बांधावरून भांडण झाले त्याच्याच चेहऱ्यावरच्या मुखवट्याला रात्री नमस्कार होतो. परिधान या शब्दातही तो 'धा' आहेच: भोवती ठेवणे. मला वाटते, जे नाही त्याची कथा सांगण्याची आणि तिला अवधान देण्याची शाळा आमच्या माणसांनी पुस्तकांतून काढलेली नाही, ती या उजेडात आधीपासून भरते आहे. मावशी तिथे पन्नास वर्षे बसल्या आहेत. लाकडात देव पाहण्याची ज्यांच्या डोळ्यांना सवय आहे, त्यांना सन २१७० काय दूर?

येथवर ऐकणाऱ्याच्या अवधानाविषयी बोललो. आता वाचणाऱ्याकडे वळू. १९५६ साली अमेरिकेतल्या मिलफर्ड नावाच्या लहान गावी डेमन नाइट आणि त्यांच्या काही लेखकमित्रांनी विज्ञानकथाकारांची अशी बैठक सुरू केली. तिची रीत पुढे क्लॅरियनच्या कार्यशाळेने १९६८ पासून चालवली आणि जगभर पसरवली. रीत सोपी आहे: सारे गोल बसतात, एकेक जण आपल्या पाळीने बोलतो, आणि ज्याची कथा आहे तो शेवटापर्यंत गप्प राहतो. आम्हीही तीच पाळतो. पहिल्यांदा ती फार जाचते. कोणी चुकीचा अर्थ काढला की जीभ शिवशिवते, 'अहो, मला तसं म्हणायचं नव्हतं' हे वाक्य दातांमागे येऊन उभे राहते. पण विचार करा, कथा उद्या छापली गेली तर प्रत्येक वाचकाच्या घरी जाऊन असे सांगायला लेखक पुरणार आहे का? त्या मौनात लेखक आपल्या कथेला पोरके करून पाहतो, तिच्या पायांत किती बळ आहे ते आजमावतो. बोलणाऱ्याने मते उतरवली तसे वाचणाऱ्याने समर्थन उतरवायचे असते. दोन्ही बाजूंनी भारा खाली आला म्हणजे मधली जागा मोकळी होते, आणि कथेला अंग मोडून आळस द्यायला तेवढी जागा पुरे. मंगलाष्टके म्हणताना आपण वधूवरांना 'सावधान' म्हणतो. त्यातून पळून जा असे सुचवलेले नसते, अवधानासह उभे राहा, आता मध्ये धरलेला अंतरपाट निघणार आहे, एवढेच सांगितलेले असते. कथा वाचून गप्प बसलेला लेखक असाच सावधान असतो.

आणि तरीही, ऐकलेले सारे घ्यायचे नसते. दक्षिणेत अष्टावधानाची जुनी विद्या आहे. आठ पृच्छक आठ दिशांनी अवधानी पंडिताला प्रश्न घालतात, कोणी अक्षर निषिद्ध करतो, कोणी समस्या देतो, आणि त्यांतल्या एकाचे तर काम असते भलतेच विषय काढून त्याला विचलित करण्याचे. पंडित त्यालाही हसून उत्तर देतो आणि मनातल्या श्लोकाचा धागा सुटू देत नाही. आमच्या ओटीवर असा एक तरी पृच्छक दर रविवारी असतोच, बहुधा मीच. मावशींनी राबाचा प्रश्न विचारल्याबरोबर कॉलेजातल्या मुलाने उत्साहाने तोड सुचवली: त्या बाईने बोहाड्याचे जुने लाकडी मुखवटे जाळून राब भाजावा, काय दृश्य होईल! मावशींनी कानाला हात लावला. काका म्हणाले, घराची दारे जाळावी. मी शेणाच्या गोवऱ्यांचा पर्याय मांडला, आणि लगेच अंगणवाडीच्या ताईंनी विचारले, गुरुजी, गवत नाही तर गाय कुठून? सगळे हसले. शिक्षक वहीत लिहीत राहिले, बोलले नाहीत.

त्या दिवशी मला एकनाथांची आठवण झाली. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, त्यांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती गोळा करून तिचे शोधन केले. तीनशे वर्षांत हातोहात नकलताना पाठ बिघडले होते, कोणी आपल्या ओव्या घुसडल्या होत्या. नाथांनी ते निवडून काढले, आणि पुढच्यांनाही आपली ओवी त्यात मिळवू नये असे बजावले. स्वतः नाथ केवढे कवी! भागवतावर ज्यांनी सहस्रावधी ओव्या लिहिल्या, त्यांना ज्ञानदेवांच्या ग्रंथात चार ओव्या सहज खपवता आल्या असत्या. त्यांनी तो हात आवरला. दुसऱ्याच्या रचनेत काय ढळले आहे ते दाखवणे हे अवधानाचे काम, आणि ढळलेल्या जागी आपली वस्तू बसवणे हा अवधानाचा मोह. मुखवटे, दारे, गोवऱ्या या आमच्या ओव्या होत्या. मावशींनी मात्र फट दाखवली आणि ती रिकामी सोडली. ती रिकामी राहिली म्हणूनच लेखकाला तिच्यात उतरता आले.

दोन महिन्यांनी, आषाढातल्या एका रविवारी, शिक्षकांनी ती गोष्ट पुन्हा वाचली. पत्र्यावर पाऊस इतका होता की त्यांना मधूनमधून थांबावे लागत होते. यान अर्ध्या पानात आटोपले होते, पाण्याचा हिशेब दोन ओळींत आला होता. बाई नागली घेऊन तुकड्यापाशी येते, भाजायला काही शोधते, तिला काही सापडत नाही. ती नातवाला राबाचा वास कसा असायचा ते सांगू लागते, आणि सांगता सांगता तिच्या लक्षात येते की तो वास तिनेही घेतलेला नाही, तिच्या आजीने सांगितलेला आहे. मग ती न भाजलेल्या मातीतच बी टाकते. राब नाही म्हणून तणाचे बी जळालेले नाही. नागलीबरोबर तणही उगवते, कोवळेपणी दोन्ही सारखेच हिरवे. ती आणि नातू रोज उकिडवे बसून एकेक पाते बोटांनी पारखतात, हे नागलीचे की दुसरे, आणि दुसरे असेल ते मुळासकट, पण शेजारचे न हलवता, उपटतात. जे काम अग्नी एका दुपारी करत असे ते आता दोन माणसांचे डोळे कित्येक दिवस करतात.

ऐकता ऐकता माझ्या मनात दोन शब्द शेजारी येऊन बसले: निंदा आणि निंदणी. त्यांचे कूळ एक असेल वा नसेल, कानाला ते सख्खे वाटतात. टीका करणारा माणूस बहुतेक वेळा राब भाजायला निघालेला असतो. एकदा पेटवले की तण गेले, असे त्याला वाटते, आणि पेरणीपूर्वी ते ठीकही असेल. पण कथा आपल्यासमोर येते तेव्हा तिच्यात रोप उगवलेले असते. तिथे आग चालत नाही, निंदणीच लागते. उकिडवे बसावे लागते, पाते बोटांत धरून पाहावे लागते, आणि कोणते कोणाचे हे ओळखेपर्यंत धीर धरावा लागतो. पावसाला विसर पडल्याची गोष्ट सांगणाऱ्या त्या मुलीपुढे मी काडी घेऊन गेलो होतो. अवधान म्हणजे निंदणी, हा अर्थ मला कोणत्या कोशाने दिला नाही. तो एका तरुण शिक्षकाने दिला, आणि तोही मला शिकवायचे असे त्याच्या मनात नसताना.

ती मुलगी त्या दिवशी खांबाला टेकून बसली होती. परतताना तिने चप्पल शोधता शोधता मला एवढेच विचारले, "गुरुजी, पुढच्या वेळी माझी वाचू?" मी हो म्हटले, आणि पुढे काही बोलायचे होते ते खाली ठेवले.

समाधान या शब्दातही 'धा' आहे, हे एव्हाना तुमच्या ध्यानात आलेच असेल: नीट, एकत्र आणून ठेवणे. शंकेचे समाधान झाले असे आपण म्हणतो तेव्हा शंका संपली असे आपल्याला वाटते. पण नीट ठेवलेली वस्तू संपत नाही, ती आपल्या जागी बसते एवढेच. शिक्षकांची गोष्ट नातवाच्या बोटांपाशीच थांबली होती. कणसे आली का, भाकरी झाली का, हे या वेळी त्यांनी लिहिले नव्हते. वाचन झाल्यावर नेहमीप्रमाणे पाळी फिरू लागली. काका बोलले, ताई बोलल्या, मुलगा बोलला. मावशींची पाळी आली तेव्हा आम्ही सारेच त्यांच्याकडे पाहू लागलो, आता कोणती फट सापडते म्हणून. त्या बराच वेळ पागोळ्यांकडे पाहत होत्या. मग शिक्षकांकडे वळून, काळजीच्या सुरात, शेजारणीची चौकशी करावी तसे त्यांनी विचारले, "मग, उगवलं का तिचं नीट?"

शिक्षक नियमाप्रमाणे गप्प राहिले.